गाल्टेनवरची हाक

बाझल, रविवार, २० मे १९७९

प्रिय रेमिगी,

आज सलग पाचव्या रविवारी मी वेरेनाच्या खानावळीत फोन लावला आणि सलग पाचव्या रविवारी तिनं तेच सांगितलं, की तुझा भाऊ इथंच चुलीशेजारी बसलाय, पण फोन पुढे केला की मान हलवतो. अरे, मी तुझी सख्खी बहीण आहे, कर वसूल करणारी बाई नाही. वर्षानुवर्षं आपण रविवारी तीन मिनिटं बोलतो. त्यातलं दीड मिनिट तुझं हवेत जातं, एक मिनिट गवतात, आणि उरलेल्यात मी माझं सांगते. तेवढंही जड झालं का?

कारण मला माहीत आहे. नाताळात मी म्हणाले होते, सदुसष्ट वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, आता वरचं गाल्टेनचं कुरण दुसऱ्या कुणाच्या हवाली कर आणि खाली घरात सुखानं राहा. तू नुसता बटाटा काट्यानं चेचत बसलास. मला वाटलं पटलं. आता कळतंय की राग धरलास. आपल्या इमहोल्त्स घराण्याचा राग काय असतो ते मला कुणी शिकवायला नको. एमिल दुसऱ्या पंथाचा, त्यातून ट्राम हाकणारा, तेव्हा त्याच्याशी लग्न केलं म्हणून बाबांनी जेवणाच्या टेबलावर माझं नाव काढायला बंदी केली ती केली. त्यानंतर नऊ वर्षं जगले, पण एक ओळ आली नाही. त्यांच्या मयतीला मी देवळात शेवटच्या बाकाशी उभी होते.

ते असू दे. पत्र लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय. एमिल गेल्यापासून मी फार बसून असते म्हणे. म्हणून मी डोंगर चढायचे बूट घेतले आणि रोज ऱ्हाइनच्या काठानं पुलापर्यंत जाऊन येते. शेजारी हसतात. हसू देत. जुलैत मी रीडबाखला येणार आहे. वेरेनाकडचा बार्लीचा रस्सा खायचाय, सुकवलेल्या नासपतींची भाकरी खायचीय, आणि मग हळूहळू चढत तुझ्या खोपीपर्यंत येऊन तुझ्या हातची मॅकरोनी खायचीय. ती खायला म्हणे आता जर्मनीहून लोक येतात.

आणि तुझी हाक ऐकायचीय. संध्याकाळी दूध काढून झालं की तू कड्यावर जाऊन दूध गाळायचं लाकडी नरसाळं तोंडाला लावतोस आणि चारी दिशांना देवाला आणि संतांना गुरं राखायला सांगतोस, ती. १९४१ च्या सप्टेंबरनंतर मी ती ऐकलेली नाही, तेव्हा ती बाबा द्यायचे. नाताळाला आले, मयतीला आले, पण उन्हाळ्यात कधीच नाही. एमिलला उंचावर भोवळ यायची. आता मला कुणाला सांभाळायचं नाही.

तेव्हा राग सोड आणि दोन ओळी टाक.

तुझी
बाल्बिना


रीडबाख, २ जून

बाल्बिना,

राग नाही. वेरेनाच्या फोनला कांद्याचा वास येतो.

येऊ नकोस. वाट वाईट आहे, बर्फानं दोन ठिकाणी खचलीय. त्रेसष्ट वर्षांच्या बाईनं ऱ्हाइनच्या काठी फिरावं, तिथं सपाट आहे. शिवाय वर गर्दी फार झालीय. पाठपिशवीवाले येतात, गायीबरोबर फोटो काढतात आणि या गायी खऱ्याच का असं विचारतात. परवाच्या उन्हाळ्यात एकीनं विचारलं की गळ्यातली घंटा रात्री बंद करता येते का. मी सांगितलं, येते, फक्त गाय मारावी लागते. तिनं मॅकरोनी अर्धी टाकली.

नऊ तारखेला गुरं वर जातील. या वर्षी छत्तीस आहेत. मदतीला बेर्गामोकडचा बाटिस्टा येतोय, गेल्या सालचाच. चांगला माणूस आहे, कामाला वाघ, पण आपली भाषा त्याला दहा शब्दांपुढे येत नाही. आम्हाला तेवढे पुरतात.

नाताळात तू बोललीस ते बोललीस. मी गाल्टेन सोडणार नाही. सोडून करू काय? खाली घरात बसून भिंतीवरचं घड्याळ बघू?

हाक नेहमीसारखीच आहे. त्यात ऐकण्यासारखं काय आहे? सोबत चीजचा तुकडा पाठवतोय, गेल्या ऑगस्टमधलं आहे. कोरडं फडकं गुंडाळून ठेव. फ्रिजमध्ये घातलंस तर पुढचा तुकडा मिळणार नाही.

रेमिगी


बाझल, २६ जून

प्रिय रेमिगी,

चीज संपलं. फ्रिजमध्ये घातलं नव्हतं, त्यामुळे पुढच्या तुकड्यावर माझा हक्क आहे.

पण आज चीजचं लिहायला बसलेले नाही. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्योगेलिन म्हणून मास्तर राहतात. त्यांची डोंगर चढणारी मंडळी आहे. मी हौसेनं त्यांना तुझ्या खोपीचा पत्ता दिला होता, आणि गेल्या शनिवारी ती मंडळी खरंच गाल्टेनवर मुक्कामाला होती. तू ओळखलं नसशील. लांब मानेचा, सारखा चष्मा पुसणारा.

काल रात्री ते वर माझ्याकडे येऊन बसले आणि मॅकरोनीची तारीफ करून थकले. साय किती, कांदा कसा खरपूस, बाजूला शिजवलेली सफरचंदं. मग म्हणाले, तुमचा भाऊ मात्र भारी अबोल माणूस. खायला काय आहे ते पाटीवर लिहिलेलं, काही विचारलं तर बोट दाखवायचं, नाहीतर हसायचं. इथवर मला नवल वाटलं नाही. पुढे म्हणाले, संध्याकाळी आम्ही सगळे हाक ऐकायला बाहेर येऊन बसलो. तुमचे भाऊ कड्यावर गेले, टोपी काढली, नरसाळं तोंडाला लावलं, चारी दिशांना वळले, आणि पाच मिनिटांनी परत आले. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं तुमच्याकडे मनातल्या मनात म्हणायची रीत असेल. आम्ही पण माना खाली घातल्या, म्हणाले.

मी त्यांना चहा दिला आणि दार लावून घेतलं. रात्रभर मला झोप लागली नाही.

रेमिगी, लहानपणी तू शिंकलास तरी खालच्या गावात कळायचं. तू फोनवर येत नाहीस ते माझ्यावरच्या रागानं नाही, हे मला काल कळलं आणि राग असता तर बरं झालं असतं असं वाटलं. तुझ्या घशाला काय झालंय? मला खरं सांग. कांद्याचा वास वगैरे सांगू नकोस.

बाल्बिना


गाल्टेन, २ जुलै

बाल्बिना,

तुझ्या मास्तरांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. तोंड खाण्यात गुंतलं असताना डोळे एवढे उघडे असतील असं वाटलं नव्हतं.

खरं विचारतेस तर ऐक. जानेवारीपासून आवाज जरा बसला होता. एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. घशात गाठ होती, ती काढली. तिच्याबरोबर आवाजाची एक तारही काढावी लागली. गाठ पुन्हा येणार नाही म्हणतात. आवाजही येणार नाही. कुजबुज येते. समोरच्या माणसानं कान पुढे केला तर कळतं. गावात सांगितलं की सर्दी आहे. आधीच मी कमी बोलतो, त्यामुळे कुणाला फार फरक पडला नाही. तुला सांगितलं असतं तर तू पहिल्या गाडीनं आली असतीस आणि मला खाली बसवलं असतंस.

वर आलो तेव्हा वाटलं, डोंगराची हवा लागली की सुंठीवाचून खोकला जाईल. तसं काही झालं नाही. रोज कड्यावर जातो. नरसाळ्यात कुजबुजतो. देवाला ऐकू जात असेल, त्याचं मी काही सांगत नाही. पण बाबा म्हणायचे ते तुला आठवत असेल, जिथवर हाक पोचते तिथवरच राखण. माझी हाक माझ्या बुटांपर्यंत पोचते. अठ्ठावीस तारखेला फ्लोरा नावाची कालवड ओघळीत घसरली. बाटिस्टानं आणि मी दोरांनी वर काढली. जगली, पण लंगडते. छत्तीस गुरं आहेत बाल्बिना, आणि त्यातलं एकही माझं नाही. लोकांनी माझ्या भरवशावर सोडलीत.

घळीपलीकडच्या कुरणावर योसेफ-मारिया असतो. त्याची हाक संपली की माझी, असं इतकी वर्षं चाललंय. तो रोज थांबून वाट बघतो. पंधरा दिवस त्यानं वाट बघितली आणि मग खाली जाऊन पंचांना सांगितलं. चुगली केली असं मी म्हणणार नाही. मीही सांगितलं असतं.

आता कुरणाचे पाच पंच पंचवीस जुलैला, संत याकोबच्या दिवशी, वर येणार आहेत. आंब्रोस सगळ्यांच्या पुढे. जेवतील आणि हाक ऐकतील. ऐकू आली नाही तर पुढच्या सालापासून गाल्टेन आंब्रोसच्या पुतण्याकडे. ते चुकीचं करतायत असं नाही. ज्याला हाक देता येत नाही तो इथला गवळी नव्हे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. सदतीस उन्हाळे झाले. मला दुसरं काही येत नाही.

हे कुणाला सांगू नकोस. आणि येऊ नकोस.

रेमिगी


रीडबाख, वेरेनाची खानावळ, गुरुवार, १९ जुलै

प्रिय रेमिगी,

आले.

बाटिस्टा दर गुरुवारी खेचरावरून चीज घेऊन खाली येतो असं वेरेनाकडून कळलं, म्हणून त्याच्याच हाती हे पत्र देतेय. तीन तासांच्या वाटेवर सख्खा भाऊ असताना त्याला पत्र लिहिणारी बाई मी एकटीच असेन. पण एकदम वर आले असते तर तू खोपीच्या मागच्या दारानं पळाला असतास, आणि माझ्या गुडघ्यांनाही सरावाला दोन-चार दिवस हवेत. काल वरच्या देवळीपर्यंत गेले, आज लाकूडकटाईच्या पुलापर्यंत. वाट कुठंही खचलेली नाही. खोटारडा.

वेरेनानं पहिल्या दिवशी रस्सा वाढला, दुसऱ्या दिवशी रस्सा वाढला, आणि आज विचारते, बाई, तुम्हाला दुसरं काही नको का? मी म्हटलं, अडतीस वर्षांची उधारी आहे, रोज वाढ. नासपतीची भाकरी मात्र आईच्या हातची बरी होती. वेरेना लवंग हात आखडून घालते.

गावाला सगळं माहीत आहे. तुला वाटतं झाकली मूठ आहे, पण ती मूठ कधीच उघडलीय. वेरेनाला माहीत आहे, पोस्टवाल्याला माहीत आहे. कुणी बोलत नाही कारण तुला वाईट वाटेल. आंब्रोस काल मला रस्त्यात भेटला, टोपी काढली आणि तुझी तब्येत विचारली. तो वाईट माणूस नाही. त्याच्या बारा गायी वर आहेत आणि त्याला झोप येत नाही.

आता नीट ऐक. हाक मी देईन.

लगेच पाटी फोडू नकोस. आपण दोघं लहानपणी बाबांच्या मागे उभे राहून ती पाठ करायचो. तू मध्येच अडलास की कोण सांगायचं? मुलीनं नरसाळं तोंडाला लावलं तर दूध नासतं, असं म्हणून बाबांनी मला हाकललं नसतं तर गाल्टेनची हाक तेव्हापासूनच माझी असती. आणि आवाजाचं म्हणशील, तर एमिल डबा विसरला की मी चौथ्या मजल्यावरून हाक मारायची आणि ट्राम थांबायची. त्याची नव्हे, पुढची.

सरावासाठी पुलापाशी म्हणून बघितली. संत वेंडेलिनपर्यंत सरळ येते. तिथं पुढे संत गाल की संत मार्टिन, याच्यात घोडं अडतं. तेवढं लिहून पाठव. मंगळवारी चोवीसला वर येते.

बाल्बिना


गाल्टेन, २० जुलै

बाल्बिना,

नाही. बायका हाक देत नाहीत. कधी दिलेली नाही. आंब्रोस हसेल, योसेफ-मारिया हसेल, आणि खालच्या खानावळीत सगळा हिवाळा तेच चालेल की रेमिगीनं बहिणीच्या घशातून कुरण राखलं.

आणि फसवाफसवी मला जमणार नाही. त्यांना वाटावं की आवाज परत आला, असलं काही मी करू देणार नाही. द्यायचीच असेल तर त्यांच्यासमोर द्यायची, तोंडं दिसतील अशी. पण द्यायची नाही.

वेंडेलिननंतर गालही नाही आणि मार्टिनही नाही. अंतोनी. मग मार्टिन, मग गाल. तू दहा वर्षांची असतानाही गाल आधी घ्यायचीस. प्रत्येक दिशेला वळल्यावर एक श्वास थांबायचं, नाहीतर प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर चढतो. पूर्वेला जरा खाली तोंड करायचं, तिकडे कडा जवळ आहे. शेवटी ‘जिथवर माझी हाक, तिथवर तुझी राखण’ आणि आमेन. त्यापुढे काही नाही.

बाटिस्टा शनिवारी मिठासाठी पुन्हा खाली येतोय, त्याच्याजवळ तुझी पिशवी दे. पाठीवर ओझं घेऊन चढू नकोस. तू येताना चार किलो कांदे आण.

रेमिगी


बाझल, ३० जुलै

प्रिय रेमिगी,

काल घरी पोचले. खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घातलं, फ्योगेलिन मास्तरांकडे किल्ली दिली, आणि आता लिहायला बसलेय. शनिवारी परत वर येतेच आहे, तरी लिहितेय, कारण पंच आले त्या दिवशी तुझ्याशी बोलता आलं नाही आणि समोर आलास की पुन्हा येणार नाही. योसेफ-मारियानं कबूल केलंय, मी येईपर्यंत तो आपली हाक झाली की आणखी एकदा, तुझ्या बाजूला तोंड करून देईल. देतोय ना?

मी हाक दिली तेव्हा तू माझ्यामागे बाकावर बसला होतास, म्हणून मला पुढे काय दिसलं ते तुला ठाऊक नाही. आधी तू खाण्याची पाटी आणून पंचांच्या मधोमध टेबलावर ठेवलीस. वर लिहिलेलं मॅकरोनी, ताक, चीज, आणि खाली तुझ्या अक्षरात, माझा आवाज गेलाय, परत येणार नाही, हाक बाल्बिना देईल. पाचही जणांनी ती वाचली. आंब्रोसनं तर दोनदा वाचली. मग त्यानं काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "बाईनं दिली तर दूध नासतं म्हणतात." तू खांदे उडवलेस आणि त्याच्या ताटात आणखी मॅकरोनी वाढलीस. ते मला फार आवडलं.

मग मी कड्यावर गेले. घळीत धुकं होतं, पलीकडचं कुरण दिसत नव्हतं, नुसत्या गायींच्या घंटा वाजत होत्या. योसेफ-मारियाची हाक संपली आणि सगळं शांत झालं. मी नरसाळं उचललं. लाकडाला तुझ्या तंबाखूचा वास होता, आणि मला वाटतं त्याच्या आत कुठंतरी बाबांच्याही. पहिला शब्द फाटला, तो तू ऐकलाच असशील. पुढे मात्र आवाज लागला. पूर्वेला तोंड खाली केलं. अंतोनी घेतला, मार्टिन घेतला, गाल शेवटी घेतला. माझाच आवाज त्या कड्यावरून माझ्याकडे परत यायला लागला तेव्हा मी रडत होते. तोंडाला नरसाळं असल्यामुळे कुणाला दिसलं नाही. आमेन म्हणून मी ते खाली ठेवलं.

आणि धुक्यातून योसेफ-मारिया ओरडला, "नाव राहिलं!"

मला वाटलं संतांपैकी एखादा सुटला. मी वळले तर तू बाकावर नव्हतास, खोपीत निघून गेला होतास. पंच एकमेकांकडे बघत होते. मी आंब्रोसला विचारलं कुठलं नाव. तो उठला, मिशा पुसल्या आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "शेवटी एक ओळ असते. बाझलला असलेल्या आमच्या बाल्बिनालाही सांभाळ. मी तरणा होतो तेव्हापासून ऐकतोय. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

रेमिगी, खालच्या वाडीतल्या पोरासोरांना माहीत, वेरेनाला माहीत, त्या घळीतल्या बकऱ्यांना माहीत. मला सोडून सगळ्या दरीला माहीत. बाझलला मी इतकी वर्षं या समजुतीत काढली की गावानं मला पुसून टाकलं. संध्याकाळी भांडी घासताना कितीदा मनात आलं असेल की आत्ता तिकडे हाक चालली असेल, आणि तिच्यात छत्तीस गायींची काळजी आहे पण माझी कुणाला नाही. आणि तू रोज, तेही गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. फोनवर मात्र हवा आणि गवत!

ती ओळ मला त्या दिवशी म्हणता आली नाही. आपलंच नाव आपण कसं घ्यायचं? मग आंब्रोसनं म्हटली, नरसाळं न घेता, घोगऱ्या आवाजात. बाकीच्या चौघांनी आमेन म्हटलं.

सकाळचं तुला माहीतच आहे. आंब्रोसनं धारेचं दूध प्यायलं, म्हणाला नासलेलं नाही. दुसरा वाडगा प्यायला. मग म्हणाला, खात्रीसाठी तिसराही बघायला हवा. उतरताना त्यानं माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "गाल्टेन रेमिगीचं. हाक कुणाच्या तोंडून निघते ते देव बघेल. आमच्यापर्यंत पोचली म्हणजे झालं." तू तेव्हा गायींच्या मागे तोंड लपवून उभा होतास.

आता मला तीन गोष्टी सांग. इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीस? बाबांच्या देखत हे कसं केलंस? ते तर माझं नाव ऐकून टेबलावरून उठायचे. आणि मी उन्हाळाभर तिथंच असणार तर बाझलला कुणीच नाही, मग शेवटची ओळ कुणासाठी म्हणू?

तुझी
बाल्बिना


गाल्टेन, २ ऑगस्ट

बाल्बिना,

योसेफ-मारिया दोनदा देतोय. दुसऱ्यांदा जरा घाई करतो, त्याचा रस्सा निवतो. फ्लोरा आता चारी पाय टेकते. गुरं सगळी ठीक आहेत.

शनिवारी तू चढशील तेव्हा पुलापाशी बाटिस्टा खेचर घेऊन उभा असेल. खेचरावर बस. बूट घेतले म्हणून सगळी वाट चाललीच पाहिजे असं नाही. कांदे संपलेत. कालच्या जर्मनांनी कांदा नसलेली मॅकरोनी खाल्ली आणि तरी छान म्हणाले. अशा लोकांचं काय करायचं?

आता तुझे प्रश्न. शेवटचा आधी. शेवटी माझं नाव घे. जो लांब आहे त्याच्यासाठीच ती ओळ असते असं कुठं लिहिलेलं नाही. मी तुझ्यामागे तीन पावलांवर बाकावर असेन, तेव्हा फार ओरडू नकोस. सप्टेंबरात गुरं फुलं बांधून खाली गेली की तू बाझलला जा, नाहीतर जाऊ नकोस. खाली घरात दोन खोल्या आहेत आणि भिंतीवर घड्याळ आहे. मी तुला ये असं म्हणतोय. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

का सांगितलं नाही? दरवर्षी वाटायचं या रविवारी सांगावं. मग हवा व्हायची, गवत व्हायचं, आणि तीन मिनिटं संपायची. शिवाय तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस की बाबा काय म्हणाले. आणि ते सांगायला मला आवाज असतानाही जमलं नसतं. आता नाही तर बरं आहे. लिहायला सोपं जातं.

तू ऑक्टोबरात गेलीस, पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघं वर आलो. बाबांची छाती भरायची, म्हणून त्यांनी नरसाळं माझ्या हातात दिलं आणि खोपीच्या दाराशी बसले. जेवणाच्या टेबलावर तुझं नाव काढायचं नाही असं त्यांनी सांगितलं होतं. कड्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. मी सगळे संत घेतले, राखण मागितली आणि आमेनच्या आधी तुझं नाव घातलं. हळूच, जवळजवळ तोंडातल्या तोंडात. तरी त्यांना ऐकू गेलं. त्यांनी काठी उचलली आणि आत गेले. रात्री जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला वाटलं सकाळी नरसाळं काढून घेणार.

काढून घेतलं नाही. संध्याकाळी मी कड्याकडे निघालो, तेव्हा ते मागून म्हणाले, "काल शेवटचं नाव फार हळू घेतलंस. बाझल लांब आहे."

त्यानंतर मी ते कधीच हळू घेतलं नाही.

रेमिगी